हॉर्मोन सुरू करण्याआधी गोळ्यांचा डबा दाखवा

पाळी गेल्यावर हॉर्मोन घ्यावेत की नाहीत, या प्रश्नावर बायकांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये दोन तट पडलेले दिसतात. एकीला त्या गोळ्यांनी गेलेली झोप परत मिळालेली असते, तर दुसरीच्या नणंदेला म्हणे त्यांच्यामुळेच ‘काहीतरी झालं’. दोघी खरं बोलत असतील. पण पन्नाशीतली बाई हॉर्मोन घेते तेव्हा तिच्या डब्यात आधीच बरंच काही असतं. सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, चहानंतर बीपीची, जेवणाआधी साखरेची, गुडघ्यांसाठी कुणीतरी सांगितलेलं चूर्ण. शिवाय बाळंतपणानंतर पायात झालेली गुठळी, तिशीत झालेला टीबी, कॉलेजात असताना येणाऱ्या फिट्स अशी जुनी दुखणीही असतात. हॉर्मोन चांगले की वाईट हे बरंचसं या बाकीच्या गोष्टींवर ठरतं, आणि नेमक्या त्याच गोष्टी स्त्रीरोगतज्ज्ञाच्या टेबलापर्यंत पोचत नाहीत.

हा लेख ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असं सांगण्यासाठी नाही. एकत्रित हॉर्मोन उपचार कुठल्या औषधांशी आणि कुठल्या आजारांशी भांडतात, कुठे तडजोड होते आणि कुठे अजिबात होत नाही, एवढंच सांगायचं आहे.

‘एकत्रित’ म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन अशी दोन हॉर्मोन. अंगातून उठणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, उडालेली झोप, योनीचा कोरडेपणा यांवर काम करतं ते इस्ट्रोजेन. प्रोजेस्टोजेन बरोबर द्यावं लागतं ते गर्भाशयाच्या अस्तरासाठी. नुसत्या इस्ट्रोजेनने ते अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगाकडे वळू शकतं, हे १९७५ सालापासून ठाऊक आहे. म्हणून पिशवी असेल तर दोन्ही हॉर्मोन लागतात आणि पिशवी काढलेली असेल तर सहसा एकटं इस्ट्रोजेन पुरतं. महाराष्ट्रात हे जरा जोर देऊन सांगावं लागतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि त्यावर चौकशी समिती नेमली गेली. अशा शस्त्रक्रिया झालेल्या अनेक बायकांना बीजांडकोश ठेवले की तेही काढले, हेच सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज कार्ड शोधा. चाळिशीच्या आत बीजांडकोश गेले असतील तर हॉर्मोनचा हिशोबच वेगळा होतो. तिथे उपचार न देण्याचे तोटे, हाडांचे आणि हृदयाचे, जास्त असतात आणि नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हॉर्मोन द्यावेत असाच सल्ला असतो.

सगळा खेळ यकृताचा

हॉर्मोनची गोळी गिळली की ती आतड्यातून थेट यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात पोचते. यकृतावर एकदम इस्ट्रोजेनचा मोठा डोस आदळतो आणि यकृत त्याला प्रतिसाद देतं. रक्त गोठवणारे घटक जास्त तयार होतात, ट्रायग्लिसराइड वाढतात, पित्त खडे होण्याच्या बाजूला झुकतं, आणि थायरॉइड व कॉर्टिसॉल ही हॉर्मोन रक्तातून वाहून नेणारी प्रथिनं वाढतात. तेच इस्ट्रोजेन पॅच किंवा जेलमधून त्वचेवाटे दिलं तर ते आधी रक्तात मिसळतं आणि यकृतापर्यंत बऱ्याच थोड्या मात्रेत, सावकाश पोचतं. ब्रिटनमधल्या जनरल प्रॅक्टिसच्या नोंदींवरून २०१९ साली झालेल्या मोठ्या अभ्यासात गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला, त्वचेवाटे दिलेल्या इस्ट्रोजेनने दिसला नाही. फ्रान्समधल्या आधीच्या अभ्यासांचा कलही हाच होता.

हे एक ध्यानात आलं की पुढचं बरंचसं आपोआप कळतं. ‘तुम्हाला हॉर्मोन चालणार नाहीत’ या वाक्याचा अर्थ कितीतरी वेळा ‘तुम्हाला हॉर्मोनची गोळी चालणार नाही’ एवढाच असतो. जेल महाग पडतं, तालुक्याच्या गावी मिळेलच असं नाही, हे खरं. पण पर्याय आहे हे माहीत असावं आणि तो विचारावा.

भीतीचं मूळही इथेच सांगून टाकते. अमेरिकेतल्या वुमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातली एकत्रित हॉर्मोनची चाचणी जुलै २००२ मध्ये मुदतीआधी थांबवली गेली. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३, आणि औषध होतं घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अधिक मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तेही गोळीतून. दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या ८, पक्षाघाताच्या ८ आणि फुप्फुसात गुठळी जाण्याच्या ८ केसेस जास्त आढळल्या. खुब्याची मोडलेली हाडं ५ ने कमी झाली, मोठ्या आतड्याचा कर्करोग ६ ने. हे आकडे सपशेल खोटे नाहीत आणि हाहाकार माजवण्याइतके मोठेही नाहीत. साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरुवात करणाऱ्या निरोगी बाईचं गणित यापेक्षा बरं असतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरची हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीची काळ्या चौकटीतली सूचना काढायचा निर्णय जाहीर केला. त्यावरून ‘आता सगळं सुरक्षित ठरलं’ असे फॉरवर्ड फिरतील. चौकट गेली म्हणून तुमची रक्त पातळ करणारी एसिट्रॉम किंवा टीबीची रिफॅम्पिसिन डब्यातून जात नाही.

थायरॉइडची गोळी, टीबीचा कोर्स, फिट्सचं औषध

सर्वांत जास्त वेळा गाठ पडते ती थायरॉइडशी. तुम्ही थायरोनॉर्म किंवा एल्ट्रॉक्सिन घेत असाल आणि इस्ट्रोजेनची गोळी सुरू झाली, तर थायरॉइड हॉर्मोन वाहून नेणारं प्रथिन वाढतं, ते जास्त हॉर्मोन धरून ठेवतं आणि शरीराला वापरायला मोकळं हॉर्मोन कमी उरतं. ज्यांची ग्रंथी धड आहे त्यांच्यात ती थोडी जास्त काम करून भरपाई करते. तुमची ग्रंथी ते करू शकत नाही, म्हणून तर तुम्ही गोळी घेता. २००१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये थायरॉइड कमी असलेल्या २५ बायकांवरचा एक छोटा अभ्यास आला. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर त्यांतल्या काहींचा टीएसएच इतका वर गेला की थायरॉइडचा डोस वाढवावा लागला. घरी याचं रूप असं दिसतं की वाफा थांबतात, पण बाईला थकवा येतो, वजन चढतं, केस गळतात आणि खापर हॉर्मोनवर फुटतं. हॉर्मोन सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच तपासा. बंद केल्यावरही तपासा, कारण तेव्हा उलटं होतं. तपासणीत एकूण टी-३, टी-४ वाढलेले दिसतील, त्याने घाबरू नका. टीएसएच आणि फ्री टी-४ बघायला सांगा. जेल किंवा पॅच असेल तर ही कटकट बहुतेक टळते. आणि पाळी गेल्यावर हाडांसाठी सुरू झालेली कॅल्शियमची गोळी थायरॉइडच्या गोळीबरोबर घेऊ नका, मध्ये चार तास जाऊ द्या. हे वाक्य चिठ्ठीवर क्वचितच असतं.

टीबीबद्दल दोन गोष्टी आहेत, आणि पहिली औषधाची नाहीच. रात्री घामाने गाऊन भिजणं हे पाळी जाण्याचं लक्षण आहे तसंच टीबीचंही आहे. आपल्या देशात पन्नाशीची बाई रात्रीच्या घामाची तक्रार घेऊन आली की खोकला, संध्याकाळचा ताप, उतरलेलं वजन यांची विचारपूस झाल्याशिवाय हॉर्मोनची चिठ्ठी लिहिली जाऊ नये. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही सांगा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे.

दुसरी गोष्ट रिफॅम्पिसिनची. टीबीच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत असणारं हे औषध यकृतातली औषधं मोडणारी यंत्रणा जोरात कामाला लावतं. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही भराभर मोडून निघून जातात. थांबलेल्या वाफा परत येतात, अवेळी रक्त दिसतं, आणि अस्तराचं संरक्षण करणारं प्रोजेस्टोजेन कमी पडतंय का, ही खरी काळजी असते. यात डोस आपल्या मनाने दुप्पट करणं हा उपाय नव्हे. टीबीच्या औषधांचा यकृतावर आधीच ताण असतो आणि कोर्सच्या मध्ये कावीळ झाली तर हॉर्मोन बंदच करावे लागतात. बहुतेक वेळा शहाणपणाचं असतं ते टीबीचा कोर्स आधी पुरा करणं आणि त्यानंतर दोन ते चार आठवडे थांबून, यकृताची चाल पूर्ववत झाली की हॉर्मोनचा विचार करणं. त्रास असह्यच असेल तर त्वचेवाटे इस्ट्रोजेन आणि गर्भाशयात बसवलेलं, लेव्होनॉर्जेस्ट्रेल सोडणारं साधन (मिरेनासारखं) हा मार्ग डॉक्टरांशी बोलता येतो. ते साधन जागच्या जागी काम करतं, त्यामुळे यकृताच्या घाईचा त्याला फारसा धक्का लागत नाही.

फिट्सची जुनी औषधं, म्हणजे फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन, रिफॅम्पिसिनसारखीच वागतात. एप्टॉइन किंवा टेग्रेटॉल वर्षानुवर्षं चालू असलेल्या बायका आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ती औषधं त्यांच्या अंगवळणी इतकी पडलेली असतात की ‘दुसरी काही औषधं?’ असं विचारलं तर त्या ‘नाही’ म्हणतात. लेव्हेटिरासिटाम आणि व्हॅल्प्रोएट हा घोळ घालत नाहीत. लॅमोट्रिजिनचा प्रकार उलटा आहे: तिथे इस्ट्रोजेनच त्या औषधाची पातळी खाली आणतं. गर्भनिरोधक गोळ्यांनी ती जवळजवळ निम्म्यावर येते हे नीट नोंदलेलं आहे. पाळीनंतरच्या हॉर्मोननेही ती उतरू शकते, म्हणून इथे सावध राहायचं ते फिटसाठी. शिवाय फिट्स असलेल्या २१ बायकांवर २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, गोळीतून एकत्रित हॉर्मोन दिल्यावर डोस वाढेल तसे झटके वाढलेले दिसले. चाचणी लहान होती, पण न्यूरोलॉजिस्टला फोन करायला पुरेशी होती. हॉर्मोन सुरू करण्याच्या आधी फोन करा, नंतर नको.

एचआयव्हीच्या औषधांत एफाव्हिरेन्झ आणि नेव्हिरापिन हॉर्मोन कमी करतात. सध्या सरकारी केंद्रांत बहुतेकांना मिळणारं डोल्युटेग्राव्हिर तसं करत नाही. एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना हॉर्मोनबद्दल सांगा आणि स्त्रीरोगतज्ज्ञाला एआरटीबद्दल. दुसरं सांगणं जड जातं, हे समजतं. पण चुकीचं औषध त्याहून जड जाईल.

याच्या विरुद्ध टोकाला हॉर्मोनची पातळी वाढवणारी औषधं आहेत: इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन. गजकर्णासाठी हल्ली इट्राकोनॅझोल आठवडेच्या आठवडे चालतं. त्या काळात स्तन दुखायला लागले, मळमळ झाली, पाय सुजले तर कारण इथे असू शकतं. पाच दिवसांच्या साध्या अँटिबायोटिकची मात्र धास्ती घ्यायचं कारण नाही.

रक्त, गुठळ्या आणि गणपतीच्या गोळ्या

वाल्व्ह बदललेल्या किंवा हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या बायका एसिट्रॉम किंवा वॉर्फरिन घेतात. हॉर्मोनने या औषधांचा परिणाम कमीजास्त होऊ शकतो, म्हणून सुरू करताना, डोस बदलताना आणि थांबवताना आयएनआर तपासावा लागतो. त्याआधीचा प्रश्न मात्र असा की रक्त पातळ करायची गोळी कशासाठी चालू आहे? पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती म्हणून असेल, तर हॉर्मोनची गोळी नकोच. जेल किंवा पॅचचा विचार रक्तविकारतज्ज्ञाला विचारूनच.

आता एका साध्या वाटणाऱ्या गोळीबद्दल. जास्त रक्तस्राव झाला की मेडिकलमधून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडची गोळी आणायची, ही पद्धत घरोघर आहे. ही गोळी रक्ताची गुठळी विरघळू देत नाही. तोंडाने इस्ट्रोजेन चालू असताना तिची भर घालणं म्हणजे एकाच दिशेने दोन धक्के. शिवाय एकत्रित हॉर्मोन चालू असताना पहिले तीन ते सहा महिने थोडंफार अवेळी रक्त दिसू शकतं. पण सहा महिन्यांनंतरही दिसत असेल, किंवा आधी पूर्ण थांबून पुन्हा सुरू झालं असेल, तर ते थांबवण्याच्या मागे न लागता का येतंय ते शोधायचं. सोनोग्राफी, गरज पडल्यास अस्तराचा तुकडा तपासणं. गोळीने रक्त थांबलं की बाई निर्धास्त होते, आणि आतला आजार वाढत राहतो.

गणपती, घरातलं लग्न, सत्यनारायण, वारी. यांसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात, पंचेचाळिशीतही. पाळी अजून अधूनमधून येत असते, वाफा सुरू झालेल्या असतात, म्हणून एकीकडे हॉर्मोन उपचारही चालू असतो. पाळी लांबवायची गोळी म्हणजे बहुधा नॉरइथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, म्हणजे उपचारात अस्तरासाठी लागतं त्याच्या कितीतरी पट प्रोजेस्टोजेन. त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि या डोसला गुठळ्यांच्या बाबतीत तो विचारात घ्यावा लागतो. जिला आधी गुठळी झाली आहे किंवा जिचं वजन आणि बीपी दोन्ही जास्त आहे, तिने ही गोळी शेजारणीच्या पाकिटातून घेऊ नये. माझं मत विचाराल तर देवाला पाळीची अडचण असते असं मला वाटत नाही. पण तो वाद घरात घालायचा नसेल तर निदान डॉक्टरांना विचारून घ्या.

याच वयातल्या बायकांना आणखी एक गैरसमज नडतो. एकत्रित हॉर्मोन उपचार हे गर्भनिरोधक नाही. पाळी पूर्ण जाईपर्यंत गर्भ राहू शकतो.

गुडघा बदलायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला हॉर्मोनबद्दल सांगा. तोंडाने घेत असाल तर मोठ्या शस्त्रक्रियेआधी साधारण चार ते सहा आठवडे थांबवण्याचा किंवा गुठळी न होण्याची इंजेक्शनं देण्याचा निर्णय तो घेईल. मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेल्या आयांनी पंधरा-सोळा तासांच्या विमानप्रवासाचा असाच विचार करावा. अधूनमधून उठून चालायचं, पाणी प्यायचं, आणि धोका जास्त असेल तर पायाला घट्ट बसणारे मोजे.

बीपी, साखर, वजन आणि काढे

बीपी आटोक्यात असेल तर ते हॉर्मोनच्या आड येत नाही. आटोक्यात नसेल तर आधी ते आणा. एक जोडी मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. काही गोळ्यांत ड्रोस्पिरेनॉन नावाचं प्रोजेस्टोजेन असतं. ते अंगातलं पाणी उतरवतं म्हणून लोकप्रिय आहे, आणि पोटॅशियम धरून ठेवतं. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन हीसुद्धा पोटॅशियम धरून ठेवतात. त्यात मूत्रपिंडं कमजोर असतील, गुडघ्यांसाठी रोज वेदनाशामक चालू असेल आणि ‘बीपीला चांगलं’ म्हणून घरात कमी सोडियमचं मीठ आणलेलं असेल (त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं), तर पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडण्याइतकं वाढू शकतं. पाकिटावर ड्रोस्पिरेनॉन हे नाव शोधा, आणि सापडलं तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. दुसरं प्रोजेस्टोजेन सहज देता येतं.

मधुमेह असणाऱ्यांना हॉर्मोन वर्ज्य नाहीत; साखर सुरुवातीला खालीवर होऊ शकते, एवढंच. पहिले काही आठवडे जास्त वेळा मोजा. ट्रायग्लिसराइड फार वाढलेले असतील तर गोळीने ते आणखी वाढून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. तिथे जेल किंवा पॅच. पित्ताशयात खडे असतील तरीही तेच.

वजन उतरवायची इंजेक्शनं, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपाटाइड, आता आपल्या शहरांतही बऱ्याच जणी घेतात. ती पोट रिकामं होण्याची गती कमी करतात, उलट्या-जुलाबही होतात, आणि तोंडाने घेतलेलं औषध नीट शोषलं जाईल याची खात्री राहत नाही. इस्ट्रोजेन जेलमधून आणि प्रोजेस्टेरॉन गोळीतून असेल तर इस्ट्रोजेन पुरं पोचतं आणि अस्तराचं संरक्षण अपुरं, अशी वेळ येऊ शकते. म्हणून ब्रिटनमधले तज्ज्ञ अशा वेळी प्रोजेस्टोजेन पॅचमधून किंवा गर्भाशयातल्या साधनातून द्यायचा विचार करायला सांगतात. इंजेक्शन एका क्लिनिकमधून आणि हॉर्मोन दुसऱ्या क्लिनिकमधून, असं असेल तर हे दोघांच्याही लक्षात येत नाही.

मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल झोप आणते. म्हणून ती रात्री झोपताना घेतात आणि झोप उडालेल्या बाईला त्याचा फायदाही होतो. पण वर अल्प्राझोलामची गोळी असेल तर रात्री बाथरूमला उठताना तोल जाऊ शकतो, आणि हाडं ठिसूळ झालेल्या वयात पडणं महागात पडतं. परदेशातल्या वाचकांसाठी: अमेरिकेत मिळणाऱ्या काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं. ॲलर्जी असेल तर फार्मासिस्टला विचारा.

‘आयुर्वेदिक आहे, त्याला काय सांगायचं’ हे वाक्य सोडून द्या. ज्येष्ठमध रोज घेतला तर बीपी वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. अश्वगंधा थायरॉइडचे आकडे हलवू शकते. गुळवेलीचा काढा कोविडच्या काळात घरोघर उकळला गेला, आणि मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ साली तो घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्याला आक्षेप घेतला, वाद झाला. पण यकृत सुजलेलं असताना हॉर्मोनची गोळी देऊ नये यावर वाद नाही. परदेशात मिळणारं सेंट जॉन्स वर्ट हे औषध तर रिफॅम्पिसिनच्या जातीचं आहे: हॉर्मोन धुऊन काढतं. पुण्यात राहून ऑनलाइन मागवलं तरी ते तेच करतं.

सिगारेट ओढणाऱ्या बाईला हॉर्मोनची गोळी कमी लागू पडते आणि गुठळीचा धोका मात्र वाढतो. मिश्रीत धूर नाही, पण तिच्यातलं निकोटीन रक्तवाहिन्यांना सोडत नाही. बायका मिश्रीला व्यसनात धरत नाहीत आणि डॉक्टर विचारत नाहीत, तुम्ही सांगा.

जिथे ‘नाही’ म्हणजे नाहीच

स्तनाचा कर्करोग झालेला असेल, तर नाही. हॅबिट्स ही चाचणी याच प्रश्नासाठी होती. हॉर्मोन घेणाऱ्या बायकांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण जास्त दिसल्याने २००३ साली ती थांबवली गेली. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना वाफांचा त्रास फार होतो आणि त्यावर हॉर्मोनऐवजी मनावरची काही औषधं चालतात. त्यातही पॅरोक्सेटिन टाळायचं, कारण ते यकृतात टॅमॉक्सिफेनचं काम करणाऱ्या रूपात रूपांतर होऊ देत नाही. व्हेन्लाफॅक्सिन किंवा गॅबापेन्टिन चालतं. मानसोपचारतज्ज्ञाला टॅमॉक्सिफेनबद्दल माहीत असेल असं गृहीत धरू नका.

हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल, पायात किंवा फुप्फुसात ताजी गुठळी असेल, यकृताचा आजार चालू असेल, कारण न सापडलेला योनिमार्गातून रक्तस्राव असेल, तर नाही. ल्युपस आटोक्यात असेल तर विचार होऊ शकतो, पण रक्तात अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी सापडल्या असतील तर टाळायचं, कारण त्या स्वतःच गुठळ्या करतात.

अर्धशिशीबद्दल उगाच भीती आहे. डोळ्यांपुढे प्रकाशाच्या रेषा चमकून मग डोकं दुखत असेल तर एकत्रित गर्भनिरोधक गोळ्या वर्ज्य असतात, म्हणून बायकांना वाटतं की पाळीनंतरचे हॉर्मोनही वर्ज्य. तसं नाही. त्यांतलं इस्ट्रोजेन वेगळं आणि डोस कमी. जेल किंवा पॅच, रोज सारख्या मात्रेत, असं दिलं तर बहुतेकींना चालतं. फायब्रॉइड वाढू शकतात, एंडोमेट्रिओसिस पुन्हा डोकं वर काढू शकतं. वर्षाकाठी सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येतं.

आणि फक्त योनीचा कोरडेपणा, जळजळ, वारंवार लघवीचा संसर्ग एवढाच त्रास असेल, तर कमी मात्रेचं योनिमार्गात लावायचं इस्ट्रोजेन क्रीम वेगळ्या पंगतीत बसतं. ते रक्तात इतकं थोडं उतरतं की वरची बहुतेक भांडणं त्याला लागू होत नाहीत आणि बरोबर प्रोजेस्टोजेनही लागत नाही. स्तनाच्या कर्करोगानंतर मात्र तेही ऑन्कॉलॉजिस्टला विचारून, विशेषतः लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल चालू असेल तर.

डॉक्टरांकडे जाताना

यादी आठवून लिहू नका, आठवत नाही. सगळी पाकिटं, बाटल्या, चूर्णाच्या पुड्या एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर काढा. गेल्या तीन महिन्यांत थांबलेली औषधंही सांगा. आईला, मावशीला, बहिणीला पायात गुठळी, स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, हे घरात आधी विचारून ठेवा. जुनी डिस्चार्ज कार्डं फाइलमध्ये असू द्या.

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा हॉर्मोनचं नाव घ्या. हृदयरोगतज्ज्ञाकडे बरोबर मुलगा किंवा जावई असतो आणि त्याच्यासमोर ‘पाळीच्या गोळ्या’ म्हणायला जीभ रेटत नाही. मग बोलू नका. औषधाचं नाव आणि डोस कागदावर लिहून चिठ्ठी पुढे सरकवा. मेडिकलवाल्याने ‘तीच कंपनी नाही, हे घ्या, सेम आहे’ म्हटलं तर पाकिटावरचा घटक वाचून घ्या. प्रोजेस्टोजेन बदललं तर पोटॅशियमचं किंवा झोपेचं गणित बदलतं. कॉर्टिसॉलची तपासणी करायची असेल तर लॅबला आधी सांगा, तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनने तो आकडा फुगलेला येतो. सुरू केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा भेट, मग वर्षातून एकदा, बीपी आणि वजनासकट. मॅमोग्राफी डॉक्टर सांगतील त्या अंतराने.

एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला, छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, दिसायचं बंद झालं, कधी नव्हे इतकं डोकं दुखलं, यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा, आणि दारातच सांगा की हॉर्मोन चालू आहेत. डोळे पिवळे दिसले तर हॉर्मोनची गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना गाठा. फिट्सची किंवा रक्त पातळ करायची गोळी मात्र या गडबडीत स्वतःहून बंद करू नका.